सही कोणाची? वैद्यकीय निर्णयासाठी आपलं माणूस नेमताना

गेल्या अंकात आयसीयूतल्या उपचारांवर लेख आला आणि त्यावर पत्रांचा ढीग पडला. बहुतेक पत्रांत विचारणा एकच होती: मी बोलण्याच्या अवस्थेत नसेन तेव्हा माझ्या वतीनं कोण बोलणार, आणि त्याचं कोणी ऐकेल का? नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेले नऊ प्रश्न इथं घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. उत्तरं अतिदक्षता विभागातले एक डॉक्टर आणि वैद्यकीय खटल्यांचं काम पाहणाऱ्या एक वकील यांनी मिळून लिहिली आहेत.

मी ७१ वर्षांची, इंदिरानगरला एकटी राहते. थोरला मुलगा अमेरिकेत. धाकटी मुलगी नाशिकरोडला, एकत्र कुटुंबात. मला मुलीचं नाव द्यायचं आहे, पण थोरल्याला डावललं असं वाटायला नको. दोघांची नावं दिली तर चालेल का?

चालेल. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालात लिव्हिंग विलला, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हाच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला तिची पद्धत सोपी केली. आता एकापेक्षा जास्त माणसांची नावं लिहिता येतात. प्रश्न नावं किती हा नाही, ती कशी लिहिता हा आहे. ‘माझी मुलगी आणि माझा मुलगा’ एवढंच लिहिलंत तर डॉक्टर दोघांचा होकार मागणार. इथं पहाटेचे तीन वाजलेले, तिकडे मुलगा मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. म्हणून क्रम लावा: ‘प्रथम माझी मुलगी, तिच्याशी संपर्क होत नसेल किंवा ती असमर्थ असेल तर माझा मुलगा.’ खाली आणखी एक वाक्य घाला: ‘मुलीनं शक्य असेल तर भावाशी बोलावं, मात्र त्याच्या उत्तरासाठी निर्णय अडवून ठेवू नये.’ या वाक्यानं मुलाचा मान राहतो आणि मुलीचे हातही बांधले जात नाहीत.

आता मुलगीच योग्य का, हे तपासून पाहा. माया किती आहे यावर हे ठरत नाही. आयसीयूत मायेची माणसंच सगळ्यात आधी कोसळतात. तासाभरात पोहोचणारं, फोन उचलणारं माणूस हवं. डॉक्टरांना ‘मला कळलं नाही, परत सांगा’ असं न लाजता म्हणणारं हवं. आणि शेवटची, सगळ्यात अवघड गोष्ट: गावाहून आलेल्या मामांनी कॉरिडॉरमध्ये ‘आईला मारायला निघालीस का?’ असं विचारलं, तरी आईनं सांगितलेल्या गोष्टीवर ठाम राहणारं हवं. तुमची मुलगी एकत्र कुटुंबात आहे. चार रात्री हॉस्पिटलमध्ये थांबायची वेळ आली तर घरून अडचण येईल का, हे तिला आजच विचारा. व्याह्यांच्या कानावरही घालून ठेवा.

पैशांचा विषय वेगळा काढा. बिल भरणाऱ्याचा शब्द शेवटचा, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. मुलगी निर्णय घेणार आणि मुलगा डॉलर पाठवणार अशी वाटणी असेल तर तिचा निर्णय पैशांखाली दबतो. मेडिक्लेमचं कार्ड मुलीला दाखवा आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं एक जोडखातं तिच्यासोबत उघडा. डिपॉझिटची रक्कम हॉस्पिटल पहिल्या तासात मागतं, आणि एकट्या तुमच्या नावावरचं खातं त्या वेळी कुलूपबंद असल्यासारखंच.

मग बोलणं. ‘मला फार त्रास देऊ नका’ हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं आणि आयसीयूत त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण तिथं विचारतात ते नेमकं असतं: श्वासनलिकेत नळी घालू का, हृदय थांबलं तर छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न करू का, डायलिसिस करू का, नाकातून अन्नाची नळी घालू का. या चारांवर वेगवेगळं बोला. ऐंशीच्या घरातल्या कृश माणसाची छाती दाबताना फासळ्या मोडतात, हे मुलीला माहीत हवं. व्हेंटिलेटर मात्र दर वेळी शेवटच्या प्रवासाचा नसतो; न्यूमोनियात पाच-सात दिवस लावून माणूस घरी चालत जातो. त्यामुळे ‘व्हेंटिलेटर नको’ असं सरसकट लिहू नका. ‘बरं होण्याची शक्यता असेल तर ठरावीक दिवस लावा, मग पुन्हा विचार करा’ हे जास्त कामाचं. एक-दोन आठवडे उलटले की डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी घालण्याचा, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीचा विषय काढतात. मुलीनं थांबून विचार करायची जागा तीच, हे तिला आधीच सांगून ठेवा.

मुलाशी व्हिडिओ कॉलवर मुलीसमोरच बोला. कागद झाल्यावर त्याला फोटो पाठवून कळवलंत तर भांडण तिथूनच सुरू होईल.

आमच्या वकिलांनी मुलाच्या नावानं जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी करून दिली, त्यात ‘वैद्यकीय निर्णयांसह सर्व’ असं लिहिलं आहे. आता वेगळं काही करायला हवं का? (कॉलेज रोड)

हवं. हा गैरसमज शहरात फार पसरला आहे. मुखत्यारपत्र म्हणजे कायद्याच्या भाषेत एजन्सी, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याचं मन ठिकाणावर नसेल तर एजन्सी संपते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही बेशुद्ध पडाल आणि मुलाला अधिकार हवा असेल, त्याच दिवशी तो कागद हातातून जातो. काही परदेशांत बेशुद्धीतही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. तिकडे राहणारी मुलं त्याचा नमुना पाठवतात आणि इथला टायपिस्ट तो जसाच्या तसा टाईप करतो. आपल्याकडे तो चालत नाही.

बँकेतला किंवा पॉलिसीतला नॉमिनी हाही निर्णय घेणारा नव्हे. त्याचा संबंध तुमच्या मृत्यूनंतर येतो. मृत्युपत्रात उपचारांबद्दल लिहिणंही व्यर्थ, कारण ते उघडेपर्यंत उपचार संपलेले असतात. माणूस दीर्घकाळ कोमात असेल आणि त्याच्या एकट्याच्या नावावरची एफडी मोडायची किंवा घर विकायचं असेल, तर नातेवाइकांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. जोडखात्याचा आग्रह आम्ही त्यासाठीच धरतो.

आम्हा नवरा-बायकोला दोघांनाही लिव्हिंग विल करायचं आहे. स्टँपपेपर किती रुपयांचा लागतो? कोर्टात जावं लागतं का? मजकुराचा नमुना द्यावा. (निफाड तालुका)

कोर्टात जावं लागत नाही. २०१८ च्या पद्धतीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, त्यामुळे फारसं कोणी करतच नव्हतं. २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निकालात स्टँपपेपरची अट नाही. नोटरीनं मागितला तर द्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीचीही गरज नाही.

दोघांचे कागद दोन वेगळे करा. एकाच कागदावर नवरा-बायकोच्या इच्छा लिहिल्या की एकाची मागे घेताना दुसऱ्याचीही लटकते. कागदाला नाव द्या ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश (लिव्हिंग विल)’. नुसतं ‘इच्छापत्र’ लिहू नका. तालुक्याच्या ठिकाणी इच्छापत्र म्हणजे जमिनीची वाटणी असंच धरतात आणि साक्षीदार बिचकतात.

मजकूर साधारण असा: ‘मी, अमुक, वय, पत्ता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो की, मला बरा न होणारा आजार झाला असेल, किंवा मी केवळ यंत्रांच्या आधारावर जिवंत असेन आणि बरं होण्याची आशा नसेल, आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर पुढील उपचार सुरू करू नयेत किंवा सुरू असल्यास थांबवावेत:’ इथं उपचार एकेक करून लिहा. ‘वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत द्यावेत.’ ही ओळ गाळू नका. ती नसली की नातेवाइकांना वाटतं, कागद दाखवला तर पेशंटला वाऱ्यावर सोडतील, आणि ते कागद दाखवतच नाहीत. ‘माझ्या वतीनं उपचार नाकारण्यास किंवा थांबवण्यास संमती देण्याचा अधिकार मी यांना देतो:’ नाव, नातं, पत्ता, दोन मोबाईल नंबर. त्याखाली दुसऱ्या माणसाचं तसंच. ‘हा निर्देश मी केव्हाही मागे घेऊ शकतो, अधिकार दिलेल्या व्यक्तींना याचे परिणाम मी समजावून सांगितले आहेत.’

सही दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र हवेत, म्हणजे मुलगा-सून नकोत आणि ज्यांना अधिकार देताय तेही नकोत. शेजारी, सोसायटीचा सचिव, शाळेतले गुरुजी चालतात. त्यांची वयं अशी बघा की ते तुमच्यामागे राहतील. तुम्ही समजून-उमजून, स्वेच्छेनं सही केली याची खात्री झाल्याचं नोटरीनं किंवा राजपत्रित अधिकाऱ्यानं नोंदवायचं असतं, म्हणून सगळे एकाच वेळी एकाच जागी हवेत. कागद घरी सही करून मुलाच्या हाती निफाडला नोटरीकडे पाठवणं ही हमखास होणारी चूक आहे. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी राजपत्रित असतील तर त्यांच्याकडेही जाता येतं. अंगठा असेल तर ‘वाचून दाखवला, समजला’ अशी नोंद अंगठ्याशेजारी लिहून घ्या. प्रत्येक पानावर सही, पानांना क्रमांक, आणि नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक पहिल्या पानावर.

नावाचं तेवढं सांभाळा. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि गावात ‘आण्णा’, असं आपल्याकडे घरोघरी असतं. हॉस्पिटलच्या केसपेपरवर आधारवरचं नाव येतं. कागदावर तेच नाव घालून पुढे ‘ऊर्फ’ लावा.

मूळ प्रती निदान तीन करा. एक स्वतःकडे, एक अधिकार दिलेल्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाते. राज्य सरकारनं २०२४ मध्ये असे कस्टोडियन नेमल्याचं मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं आहे. गावात ग्रामपंचायतीत द्या. नाशिक शहरात राहणाऱ्यांनी शरणपूर रोडवरच्या महापालिका मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आरोग्य विभागाच्या नावे अर्ज करून द्यावी. दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं ‘असं काही आमच्याकडे येत नाही’ म्हटलं तरी अर्ज आवक-जावकमध्ये देता येतोच. पुढे हॉस्पिटल कागद खरा आहे का हे पाहायला कस्टोडियनकडे किंवा डिजिटल आरोग्य नोंदीत विचारणा करतं, म्हणून हा खटाटोप.

कागद लॉकरमध्ये ठेवू नका. बँक दहा वाजता उघडते. झटका रात्री येतो. आधार, मेडिक्लेम कार्ड आणि चालू औषधांची यादी ज्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये आहे तिच्यातच पहिलं पान म्हणून लावा, आणि दोन्ही मुलांच्या मोबाईलमध्ये फोटो असू द्या. बदलायचा असेल तर नवा कागद याच पद्धतीनं. एकापेक्षा जास्त असतील तर शेवटी सही झालेला धरतात. जुन्याच्या प्रती मात्र सगळीकडून परत घ्या.

पत्नीची दुर्बिणीतून तपासणी चालू असताना सर्जन बाहेर आल्या आणि गर्भाशय काढण्यासाठी माझी सही मागितली. मी दिली नाही. माझं चुकलं का? (सिडको)

नाही. पत्नी सज्ञान आहे आणि भूल उतरल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकते. तिच्या वतीनं तुमची सही तिथं लागूच होत नाही. समीरा कोहली खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, १६ जानेवारी २००८) नेमकं हेच घडलं होतं: तपासणीची लॅपरोस्कोपी चालू असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. ती संमती न्यायालयानं अवैध ठरवली. अपवाद जीव वाचवण्याचा. रक्तस्राव थांबत नसेल तर डॉक्टर कोणाचीही वाट न पाहता करू शकतात. पुढच्या वेळी भूल देण्याआधीच विचारा, ‘आत आणखी काही सापडलं तर काय करणार?’, आणि पत्नीनं तिचं उत्तर फॉर्मवर स्वतः लिहावं.

वडील ६८ वर्षांचे, मेंदूत रक्तस्राव, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. २०२४ मध्ये केलेलं लिव्हिंग विल आमच्याकडे आहे, त्यात माझं नाव आहे. हॉस्पिटल म्हणतं, कोर्टाची ऑर्डर आणा. नाहीतर सही करून घरी न्या. आम्ही काय करावं? (गंगापूर रोड)

कोर्टाची ऑर्डर लागत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं असतं, आणि तेही हॉस्पिटलनं. रिसेप्शनवर वाद न घालता हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावे एक पानी अर्ज द्या: लिव्हिंग विलची प्रत सोबत, आणि मागणी एकच, ‘सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार प्रायमरी मेडिकल बोर्ड बसवावं.’ पोच घ्या.

त्या बोर्डात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. त्यांनी उपचार थांबवण्यास अनुकूल मत दिलं की हॉस्पिटल दुसरं, सेकंडरी बोर्ड बसवतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेले एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या बोर्डात नसलेले, तितक्याच अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. नेमलेलं माणूस म्हणून तुमची लेखी संमती या टप्प्यावर लागते. वडील बोलू शकत असते तर त्यांची लागली असती. मग हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि त्यानंतर व्हेंटिलेटर काढला जातो. दोन बोर्ड, मधले निरोप, सुट्टीचा दिवस धरून आठवडा जाऊ शकतो. शुक्रवारी संध्याकाळी अर्ज देऊन रविवारी उत्तराची अपेक्षा धरू नका. बोर्डानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं; नाशिकसाठी ते मुंबईला. ज्यांच्याकडे असा कागदच नाही, त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे, फक्त संमती जवळच्या नातेवाइकांची.

‘सही करून घरी न्या’ हा जो दुसरा पर्याय तुम्हाला दिला, त्याला हॉस्पिटलच्या बोलीत ‘डामा’ म्हणतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. असे कितीतरी पेशंट रात्री ॲम्ब्युलन्सनं घरी येतात. त्यात हॉस्पिटलची जबाबदारी सुटते आणि केसपेपरवर निर्णय तुमच्या माथी लिहिला जातो. त्याहून वाईट म्हणजे नळी निघाल्यावर लागणारी धाप आणि घशातली घरघर कमी करायला घरी ना मॉर्फिन असतं, ना ते देणारं कोणी. हॉस्पिटलमध्ये हीच गोष्ट औषधं सुरू ठेवून, कुटुंब शेजारी बसलेलं असताना करता येते. डामाच्या कागदावर सही करू नका.

एक खुलासा. डॉक्टर ‘ब्रेन डेड’ (मेंदूचं काम कायमचं थांबलेलं) हा शब्द वापरत असतील तर विषय वेगळा आहे. त्यासाठी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांच्या समितीकडून निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा चाचणी होते. ‘काही आशा नाही’ आणि ‘ब्रेन डेड’ यांतलं नेमकं काय, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या.

मला बायपोलर आहे, गेली सहा वर्षं गोळ्या चालू आहेत. बरी असताना सगळं नीट कळतं; तेजीत, म्हणजे अति उत्साहाच्या काळात, मी कोणाचंच ऐकत नाही. त्या काळासाठी बहिणीला अधिकार देता येतो का? (पंचवटी)

येतो, आणि तुमच्यासाठी कायदा इतरांपेक्षा जास्त स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये (अंमल २९ मे २०१८ पासून) ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे. साध्या कागदावर बहिणीचं नाव लिहून सही करायची. बहीण सज्ञान आणि सक्षम हवी आणि तिनं ही जबाबदारी घेत असल्याचं डॉक्टरांना लेखी द्यायचं. नोटरी नाही, स्टँप नाही. ती नातेवाईकच हवी असंही नाही, मैत्रीणही चालते. तुम्ही केव्हाही बदलू शकता. कोणाचंच नाव दिलं नाही तर कायदा आधी नातेवाइकाकडे जातो, आणि तो नातेवाईक तुमच्या मनातला असेलच असं नाही.

त्याच कायद्यात आगाऊ निर्देशही लिहिता येतो, दोन साक्षीदारांसमोर. बरी आहात तोवर, औषधं सुरू असताना लिहा, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं तुमचं काम आहे. उपयोगी पडतात त्या बारीक गोष्टी: कोणत्या इंजेक्शननं मान अखडली होती, कोणत्या गोळीच्या किती डोसवर तुम्ही स्थिर असता, लिथियमची गोळी चालू असेल तर तिची रक्तातली शेवटची पातळी आणि किडनीचा रिपोर्ट कुठे आहे, कुठे दाखल व्हायला तयार आहात. बँकेचं कार्ड आणि फोनवरचं पेमेंट ॲप त्या काळात कोणाकडे द्यायचं हे कायद्याच्या कक्षेत येत नाही, तरी बहिणीशी ठरवून ठेवा. तेजीत सर्वांत मोठं नुकसान तिथूनच होतं.

मर्यादाही माहीत असू द्या. तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाही. ते ७२ तासांपर्यंत देता येतात. बहिणीच्या अर्जावर तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध दाखल केलं तरी ते ३० दिवसांपर्यंतच, आणि दर सात दिवसांनी तुमची निर्णयक्षमता तपासावी लागते. ती परत आली की सही पुन्हा तुमची.

आमचा मुलगा १९ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. दाताच्या शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची होती, तेव्हा हॉस्पिटलनं ‘गार्डियनशिपचा कागद’ मागितला. आम्ही आई-वडील असताना कागद कशाला? (सातपूर)

१८ पूर्ण झाल्यावर आई-वडिलांचं पालकत्व आपोआप संपतं, मूल कसंही असो. हे ऐकून राग येतो, पण हॉस्पिटल चुकीचं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. डाऊन सिंड्रोम बौद्धिक अक्षमतेत येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. अर्ज तिच्याकडे करायचा. नाशिकचं जिल्हाधिकारी कार्यालय जुन्या आग्रा रोडवर. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मुलाच्या वयाचा पुरावा, तुमची ओळखपत्रं आणि फोटो तयार ठेवा. पालक म्हणून दोघांचीही नावं मागा. एकाचंच नाव असलं आणि तो गेला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पालक नेमल्यावर एक काम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. मुलाच्या नावावर फक्त पासबुक असेल तर त्याची झेरॉक्स आणि अर्धं पान पुरतं, पण ते द्या. आणि मुलाला दवाखान्यात काय होणार ते त्याच्या भाषेत सांगा. कागद तुमच्या नावाचा असला तरी दात त्याचा आहे.

आईला विसर पडू लागला आहे, डॉक्टर डिमेन्शियाची सुरुवात म्हणतात. आता तिच्या सहीला काही किंमत आहे का? (देवळाली कॅम्प)

असू शकते, पण उशीर करू नका. काल काय जेवली हे आठवत नसलेली बाई, ‘मला नळ्या लावून ठेवू नका, आणि बोलायचं ते थोरलीनं बोलावं’ हे पूर्ण समजून सांगू शकते. निर्णयक्षमता ही त्या त्या निर्णयापुरती बघतात: माहिती समजते का, परिणाम उमगतात का, आपलं म्हणणं बोलून किंवा खुणेनं सांगता येतं का. सकाळची वेळ निवडा. संध्याकाळी गोंधळ वाढतो. ज्या दिवशी सही त्याच दिवशी तिच्या न्यूरॉलॉजिस्टचं किंवा मनोविकारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र घ्या की हा कागद तिला समजला आहे. महिनाभर आधीचं प्रमाणपत्र पुढे वादात टिकत नाही. प्रश्न तिला एकटीला विचारू द्या. मुलं खोलीत असली की आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते. क्षमता गेल्यावर मात्र नवा कागद करून घेऊ नका. हात धरून केलेली सही भावंडांच्या भांडणात पहिली बाहेर येते.

मी ५८, लग्न केलेलं नाही. भावांशी बोलणं नाही. माझा एक जुना मित्र आहे, त्याचं नाव देता येईल का? अपघात झाला आणि कोणीच नसेल तर उपचार अडतील का? (मुंबई नाका)

उपचार अडणार नाहीत. जीव धोक्यात असेल आणि संमती देणारं कोणी नसेल तर डॉक्टर सद्भावनेनं उपचार करू शकतात; भारतीय न्याय संहितेचं कलम ३० त्यांना संरक्षण देतं.

मित्राचं नाव देताना शब्द जपून वापरा. निकालातले शब्द ‘पालक किंवा जवळचा नातेवाईक’ असे आहेत. मित्र तिथं थेट लिहिलेला नाही. म्हणून कागदावर मित्राला ‘माझ्या वैद्यकीय निर्णयांसाठी मी नेमलेला पालक’ असंच म्हणा, आणि भावांचा संपर्क नाही व त्यांना हा अधिकार देत नाही हेही दोन ओळींत लिहा. भाऊ आयसीयूच्या दाराशी येऊन उभे राहिले तर डॉक्टरांना दाखवायला हीच ओळ लागते. मित्र तुमच्याच वयाचा असेल तर दुसरं, तरुण नाव जोडा; पुतणी, भाचा, शेजारचा डॉक्टर, कोणीही.

मोबाईलच्या लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन संपर्कात मित्राचा नंबर टाका. पाकिटात आधारच्या मागे बसेल एवढं कार्ड: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश केलेला आहे’, आणि मित्राचा नंबर निळ्या बॉलपेननं. जेल पेनची शाई पावसात पुसते.